हिरवळीची थकबाकी

एप्रिल २०१६ मधली गोष्ट. रविवारची सकाळ होती. बारामतीत भिगवण रस्त्याच्या बाजूला आम्ही घर बांधले त्याला तेव्हा पाच वर्षे झाली होती. मी व्हरांड्यात वर्तमानपत्रे घेऊन बसलो होतो. त्या आठवड्यात दोन बातम्या गाजत होत्या. मिरजेहून पाणी घेऊन रेल्वेगाडी लातूरला पोचली होती आणि मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने दुष्काळामुळे महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले होते. मुंबई, पुणे, नागपूरच्या मैदानांसाठी ६० लाख लिटर पाणी लागणार, हा आकडा न्यायालयापासून चहाच्या टपरीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी होता. ‘बरे झाले, कोणीतरी कान धरला,’ असे मी सौ.ला मोठ्याने म्हटल्याचेही आठवते. त्याच वेळी माझ्यासमोर, हजार चौरस फुटांच्या हिरवळीवर, पाण्याचा फवारा गोल गोल फिरत होता.

तेवढ्यात फाटक वाजले. तालुक्याच्या जिरायत भागातले एक वृद्ध शेतकरी आले होते. त्यांना सगळे आबा म्हणत, मीही म्हणत असे. नव्वदच्या दशकात त्या भागातल्या शाखेत असताना त्यांच्या विहिरीचे कर्ज मी मंजूर केले होते. ते कधीच फिटले होते. पुढे मुलाने घेतलेले दुसरे कर्ज थकले होते आणि एकरकमी परतफेडीचा कागद मला दाखवायचा होता. फाटकापासून व्हरांड्यापर्यंत सरळ यायचे तर हिरवळीवरून यावे लागे. आबांनी चपला हातात घेतल्या आणि भिंतीच्या कडेकडेने, अंग चोरत, लांबचा वळसा घेऊन ते आले. उभ्या पिकातून माणूस चालत नाही, तसे.

कागद पाहून झाला, चहा झाला. मग त्यांनी विचारले, “सायेब, ह्ये काय पेरलंय?”

“पेरलं नाही आबा, गवत आहे. लॉन.”

“पानी किती दिवसानं देता?”

“रोज.”

“कापता का न्हाई?”

“आठ-दहा दिवसांनी कापतो.”

“मग कुनाच्या गोठ्यात जातंय?”

कापलेले गवत कचऱ्याच्या गाडीत जाते, आणि हुमणीसाठी मुळात औषध टाकलेले असल्यामुळे ते जनावराला चालायचे नाही, असे मी सांगितले. आबा काही बोलले नाहीत. त्यांनी त्याच महिन्यात दोन गाई विकल्या होत्या, हे मला फाटकापर्यंत सोडायला गेल्यावर समजले. जाताना त्यांनी पुन्हा तोच वळसा घेतला.

बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड असते. मन अस्वस्थ झाले की तो आकडेमोड करतो. त्या रात्री मी कागद घेऊन बसलो. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, एवढे एकच सूत्र पुरते. आपल्याकडच्या मे महिन्यात हिरवळ हिरवी ठेवायची तर रोज साधारण सहा मिलिमीटर पाणी लागते. हजार चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर. म्हणजे दिवसाला साडेपाचशे लिटर. खेड्यात नळाने पाणी द्यायचे तर माणशी रोज ५५ लिटर, हे माप आता सरकारी योजनेत धरले जाते. म्हणजे माझ्या अंगणात दहा माणसे राहत होती आणि ती काहीच करत नव्हती. फेब्रुवारीपासून मृगापर्यंतचे १२० दिवस, रोजची सरासरी पाच लिटर धरली, तरी उन्हाळ्याचा आकडा ५६ हजार लिटर होतो. दहा हजार लिटरचे साडेपाच टँकर.

हिशेब झाला म्हणून मी सुधारलो, असे मात्र नाही. मे महिन्यात आमची कूपनलिका आटली. घरासाठी दोन टँकर विकत घेतले आणि त्यातले काही पाणी मी रात्री, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून रात्री, त्या गवतावर सोडले. हजारो रुपये खर्चून लावलेले गवत डोळ्यांदेखत जळते आहे, हे बघवत नव्हते. टँकरवाल्याने पाणी कोणत्या गावच्या विहिरीतून उपसले, ते मी विचारले नाही. कर्ज देताना ‘पैसा कुठे जाणार’ हे दहा वेळा विचारणारा मी, पाणी कुठून येते हे एकदाही विचारू शकलो नाही. हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नासाठी आहे.

ही हिरवळ आपल्या दारात आली कशी? अंगण आपल्याला नवे नाही. सडा घातलेली जमीन, मधोमध तुळस, कडेला जास्वंद किंवा पारिजातक, आणि मोरीच्या पाण्यावर वाढलेली केळ, कर्दळ आणि अळू ही आपली बाग. अंगणात वाळवणे पडत, पोरे खेळत, पाहुण्यांची खाट पडे. इंग्रजांच्या बंगल्यापुढची हिरवळ ही निराळी गोष्ट. जमीन पिकवण्याची आपल्याला गरज नाही, हे दाखवण्याची ती रीत होती. १८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंगने गवत कापण्याचे यंत्र काढले आणि उमरावांची ही हौस मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. आपल्याकडे ती कलेक्टरच्या बंगल्यातून क्लबात, तिथून कारखान्यांच्या अतिथिगृहात आणि शेवटी माझ्यासारख्याच्या ‘बंगलो प्लॉट’वर उतरली.

यात एक गंमत आहे. लंडनला वर्षाला सुमारे सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. बारामतीचा पाऊस पाचशेच्या आतबाहेर. वार्षिक बेरजेत फरक फार नाही. पण लंडनचा पाऊस बारा महिन्यांत वाटून, मंद उन्हात पडतो आणि आपला चार महिन्यांत, त्यातही मोजक्या दिवसांत. बँकेच्या भाषेत सांगायचे तर त्यांचा पगार महिन्याच्या महिन्याला जमा होतो आणि आपली रक्कम वर्षातून एकदा हाती पडते. एकदाच पैसे येणाऱ्याने रोजचा खर्च वाढवून ठेवला तर काय होते, हे मी थकबाकीच्या याद्यांत पुष्कळ पाहिले आहे.

अमेरिकेने ही चूक मोठ्या प्रमाणावर केली. उपग्रहांच्या चित्रांवरून २००५ साली झालेल्या अभ्यासात तिथल्या हिरवळींचे क्षेत्र १ लाख ६० हजार चौरस किलोमीटरच्या पुढे भरले. हे महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक झाले. क्षेत्राच्या हिशेबाने पाणी देऊन वाढवलेले ते त्या देशातले सर्वांत मोठे ‘पीक’ ठरले, आणि ते कोणी खात नाही. माझा भाचा टेक्सासमध्ये असतो. गवत पिवळे पडले म्हणून त्याला वसाहतीच्या मंडळाची नोटीस आली होती. पण त्याच देशातल्या लास वेगासमध्ये १९९९ पासून पाणीपुरवठा करणारी संस्था हिरवळ उपटणाऱ्याला चौरस फुटामागे पैसे देते. २०१५ च्या दुष्काळात कॅलिफोर्नियाने शहरांचा पाणीवापर पाव हिश्शाने कमी करण्याचा हुकूम काढला, त्यात पाच कोटी चौरस फूट हिरवळ काढण्याचा कार्यक्रम होता. नेवाडा राज्याने २०२१ मध्ये कायदाच केला. व्यापारी जागा, रस्त्याकडेचे पट्टे, वसाहतींच्या सामायिक जागा इथल्या निव्वळ शोभेच्या हिरवळीला कोलोरॅडो नदीचे पाणी २०२७ च्या आरंभापासून बंद. खेळाची मैदाने आणि एकेकट्या घरांची अंगणे यातून वगळली आहेत. ज्या गवतावर कोणी पाय ठेवत नाही त्याला नदीचे पाणी नाही, असा या कायद्याचा मथितार्थ. आबा माझ्या हिरवळीला वळसा घालून गेले, ते मला इथे आठवते.

पाण्याखेरीजही हिरवळीच्या खात्यावर बरेच खर्च पडतात. ती एकाच जातीच्या गवताची असते आणि फुलोऱ्यावर येण्याआधी कापली जाते. त्यामुळे मधमाशीला फूल नाही आणि मुनियेला बी नाही. हिरवा रंग टिकावा म्हणून युरिया टाकावा लागतो. गवताला पेलवला नाही तो पाण्याबरोबर खाली उतरतो आणि काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. हा वायू हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या पावणेतीनशे पट भारी आहे. हुमणीसाठी टाकलेले औषध गांडुळालाही सोडत नाही. माझा माळी दर आठवड्याला खुरपे घेऊन हिरवळीत शिरलेली हरळी उपटत असे. ज्या हरळीच्या दूर्वा आपण मोरगावला मयूरेश्वराच्या पायाशी वाहतो, तीच दारात उगवली की मजुरी देऊन काढायची. हा विनोद माझ्या ध्यानात यायला पाच वर्षे लागली.

इथे कोणी म्हणेल, आणि एका मित्राने म्हटलेही, ‘अरे, चार बंगल्यांच्या गवताचे काय घेऊन बसलास? कालव्याखालचा ऊस बघ.’ आक्षेप खरा आहे. तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. राज्याच्या पीकक्षेत्राच्या चार टक्क्यांच्या आसपास असलेला ऊस सिंचनाचे सत्तर टक्क्यांच्या घरात पाणी घेतो, असे कृषी मूल्य आयोगाने आपल्या अहवालांत सांगितले आहे. पाटपाण्यावरच्या एक एकर उसाला वर्षाला ८० लाख ते एक कोटी लिटर पाणी लागते. त्यापुढे माझे ५६ हजार लिटर म्हणजे चिल्लर.

पण दोन गोष्टी विसरून चालणार नाही. उसावर एक कुटुंब जगते, तोडणीवाल्याचे पोट चालते. उसाचे पाणी कमी कसे करावे यावर निदान ठिबकची चर्चा तरी होते. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने त्यासाठी शिवारे पालथी घातली आहेत. हिरवळीबद्दल चर्चाच होत नाही, कारण ती आपण सुशिक्षितांनी लावलेली असते. जो वर्ग उसाला शिव्या देतो त्याच्याच दारात फवारा फिरत असतो. आणि दुसरे म्हणजे ही चिल्लर आता चिल्लर राहिलेली नाही. पूर्वी गावात मंगल कार्यालय असे. आता पुण्यापासून इंदापुरापर्यंत कोणत्याही रस्त्याला लागा, ‘अमुक लॉन्स’, ‘तमुक लॉन्स’ अशा पाट्या दिसतील. मराठीत ‘लॉन्स’ या शब्दाचा अर्थच लग्नाची जागा असा झाला आहे. दोन एकरांवर खरे गवत असेल आणि ते उन्हाळाभर हिरवे ठेवायचे असेल, तर वरच्याच सूत्राने १२० दिवसांना ४८ लाख लिटर पाणी लागते. ज्या ६० लाख लिटरसाठी क्रिकेट राज्याबाहेर पाठवले, त्याच्या जवळपास जाणारा हा आकडा एका लग्नाच्या जागेचा आहे. आणि लग्नाचे मुहूर्त नेमके एप्रिल-मे मध्ये. माझ्या मुलीचे लग्नही अशाच एका हिरवळीवर झाले. तेव्हा मला त्यात काही वावगे दिसले नव्हते.

आपल्या या दोन तालुक्यांना पाण्याचा इतिहास शिकवावा लागू नये. १८७६ च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी नीरा डावा कालवा काढला आणि तालुक्याची बागायत-जिरायत अशी दोन जगे झाली. एकाच तालुक्यात एका गावी उसाला पाट वाहतो आणि दुसऱ्या गावी प्यायला टँकर येतो. १९७२ साली मी शाळकरी मुलगा होतो. सुकडी आणि मिलो ज्वारीची चव अजून जिभेवर आहे. इंदापूरच्या उत्तरेला उजनीचा अथांग फुगवटा आहे, तरी २०२४ च्या जूनपर्यंत तो जलाशय उणे साठ टक्क्यांपर्यंत खाली गेला आणि पळसदेवचे बुडालेले जुने मंदिर उघडे पडले. पुढच्याच वर्षी, २०२५ च्या मेच्या अखेरीस, बारामती-इंदापुरात असा पाऊस कोसळला की नीरा डावा कालवा फुटला आणि पाणी लोकांच्या घरांत शिरले. वर्षभरात दोन्ही टोके पाहिली. तेव्हा अंगणाने उन्हाळ्यात कमी पाणी मागावे आणि पावसाळ्यात जास्त पाणी जिरवावे, हा आपल्या बागेचा पहिला नियम असायला हवा.

हिरवळ काढा म्हटले की लोक सोपा मार्ग घेतात आणि अंगणभर सिमेंटचे ठोकळे बसवतात किंवा प्लॅस्टिकची हिरवळ अंथरतात. ठोकळ्यांत पाणी फारसे मुरत नाही, रस्त्यावर धावते, आणि रात्री उशिरापर्यंत घर तापलेले राहते. प्लॅस्टिकचे गवत दुपारी अनवाणी पायाला चटका देते, त्याचे तुकडे मातीत मिसळतात आणि जुने झाले की ते कोणी घेत नाही. एक कर्ज फेडायला दुसरे काढावे, तसाच हा प्रकार.

मग करायचे काय? उत्तर शोधायला मला लांब जावे लागले नाही. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली जाहीर झाले, क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर. तिथे चिंकारा चरतात. बारामतीत शिर्सुफळला आणि इंदापुरात कडबनवाडीला असेच माळ आहेत. लांडगा, खोकड, चंडोल यांची ती घरे. वनखात्याने २०२४ मध्ये तिथे गवताळ प्रदेशाची सफर सुरू केली. इतकी वर्षे सरकारी दप्तरात या जमिनीला ‘पडीक’ म्हणायचे आणि तिथे खड्डे खणून झाडे लावायची, हाच शिरस्ता होता. मीही कर्जाच्या पाहणी अहवालांत ‘सदर जमीन पडीक’ असे किती वेळा लिहिले असेल. त्या माळावर पवन्या, मारवेल, कुसळी उगवते. जुलैत हिरवी, दिवाळीनंतर सोनेरी, चैत्रात वाळलेली. तिला कोणी पाणी घालत नाही. वाळलेले गवत मेलेले नसते. मुळे खाली जिवंत असतात आणि पावसाची वाट पाहत असतात. गवत वर्षभर हिरवेच असले पाहिजे, हा हट्ट या मातीचा नव्हे.

२०१६ च्या जूनमध्ये मी फवारा काढून माळ्याला दिला आणि हरळी उपटायची नाही असे सांगितले. दोन पावसाळ्यांत ते परदेशी गवत विरळ झाले आणि हरळी पसरली. निम्म्या जागेत झाडे लावली. बहावा, पारिजातक, लिंबू, कढीपत्ता, शेवगा. बुंध्यांभोवती पालापाचोळ्याचा वीतभर थर टाकतो. तो ओल धरतो आणि वर्षभरात खत होतो. न्हाणीचे आणि भाजी-तांदूळ धुतल्याचे पाणी केळ, कर्दळ आणि अळूकडे वळवले. पाणी साचू द्यायचे नाही, नाहीतर डासांना आमंत्रण, आणि कपड्याच्या पावडरीचे पाणी त्यात सोडायचे नाही, एवढे पथ्य. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर पाचशे मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला, तरी ३७ हजार लिटर पाणी हाती लागते. ते गाळून कूपनलिकेजवळच्या शोषखड्ड्यात सोडले. सौ. इतकेच म्हणाली, “वास्तुशांतीच्या वेळीच मी अंगण म्हणाले होते. तुम्हाला लॉन हवं होतं.”

जुने ते सगळे सोने, असे मला म्हणायचे नाही. माझ्या आईने अंगणातल्या अळवाला मोरीचे पाणी घातले ते पर्यावरणाच्या प्रेमाने नव्हे. ते पाणी तिने डोक्यावरून आणलेले होते, म्हणून थेंबाची किंमत तिला ठाऊक होती. आपल्याला ती बटण दाबून मिळते. म्हणून आपल्याला हिशेब मांडावा लागतो. एकट्यादुकट्याच्या सुबुद्धीवर हे सोडूनही भागणार नाही. पुण्यात पावसाचे पाणी जिरवणाऱ्या, सौरऊर्जा वापरणाऱ्या मिळकतींना करात सवलत दिली जाते. लहान नगरपालिकांना कोरडी बाग ठेवणाऱ्यासाठी असेच काही करता येईल. लग्नाच्या जागांना परवाना देताना बागेचे पाणी कुठून आणणार, हा एक रकाना वाढवता येईल. मुलांच्या खेळाच्या मैदानाला जरूर पाणी द्यावे. त्यावर पाय पडतात. दुभाजकावरच्या आणि कार्यालयांपुढच्या शोभेच्या गवताला मात्र हरळी आणि बहावा पुरेत.

आबा दोन वर्षांपूर्वी गेले. अंगण बदलल्यावर ते एकदाच आले होते, उन्हाळ्यात. फाटकातून सरळ, चपला पायात ठेवून, वाळल्या हरळीवरून चालत व्हरांड्यापर्यंत आले. मी मनात त्याची नोंद केली. ते त्याबद्दल काही बोलले नाहीत, शेवग्याच्या चार शेंगा मात्र मागून घेतल्या.

आजही मे महिन्यात येणारे पाहुणे विचारतात, “बाग वाळली वाटतं?” मी सांगतो, हरळी आहे, पहिल्या पावसानंतर आठ दिवसांनी या.